रीफ टाकीतल्या दगडांचे जोड: पैसे फायबर रॉडचे, आत लोखंडी सळी

समुद्री टाकीसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळं ठेवायच्या रीफ टाकीसाठी, आयता जोडलेला दगडांचा सेट घेणार असाल, तर आधी हे वाचा. माझे २८,००० रुपये गेले. त्याहून जिव्हारी लागलं ते टाकीतले जीव हकनाक गेले याचं.

चार फुटी टाकीत एक कमान आणि बाजूला दोन खांब, असं ठरलं होतं. ड्राय रॉक (जीव नसलेला कोरडा दगड), आत फायबरग्लासचे रॉड, जोडाला रीफ टाकीला चालणारा इंपोर्टेड मॉर्टर असं सेट बनवून देणाऱ्या विक्रेत्याने सांगितलं आणि दरही तसाच लावला. "ताई, निर्धास्त राहा. जोड कुठे आहे ते शोधून सापडणार नाही." खरंच सापडत नव्हता. प्रत्येक सांध्यावर बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू (समुद्री टाकीत वापरतात ती चुनखडीची वाळू) चिकटवलेली होती. चांगले कारागीरसुद्धा ग्लू दिसू नये म्हणून वाळू लावतात, त्यामुळे त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

पाणी भरल्यावर पीएच ८.२-८.३ च्या आसपास राहायला हवा, तो ८.९ वर गेला. पाणी बदललं की उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शंखातल्या गोगलगायी बाहेरच येईनात, मग एकेक करून मेल्या. विचारलं तर, "नवीन टाकी आहे ताई, अग्ली स्टेज असते, महिनाभर थांबा." नवीन टाकीला अशी अवकळा येते हे खरंच आहे. म्हणूनच ही थाप पचते.

पुढे कमानीच्या जोडाखाली तपकिरी ओघळ दिसू लागला. त्यावर उत्तर, "डायटम आहेत." डायटम म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. त्याचा थर दगडावर, वाळूवर, काचेवर सगळीकडे धरतो आणि ब्रश फिरवला की उडतो. हा ओघळ एकाच भोकातून यायचा, घासला तरी डाग राहायचा आणि काही दिवसांत तिथूनच पुन्हा उतरायचा. हा फरक नीट लक्षात ठेवा.

मग एका रात्री कमान कोसळली. काच वाचली, पण खाली बीळ करून राहणारा गोबी मासा दगडाखाली चिरडला. तुटलेला तुकडा हातात घेतला तर आत बांधकामाची सहा एमएमची सळी, गंजाचे पापुद्रे सुटलेली. भोवतीचा पांढरा गिलावा नखाने खरवडता येत होता. ओळखीच्या गवंड्याला दाखवला, त्याने बघताक्षणी सांगितलं, "व्हाइट सिमेंट आहे, नीट पाणीही मारलेलं नाही." काच घासायचं चुंबक उभ्या खांबाच्या जोडाला लावलं, ते तिथेही चिकटलं.

सगळा उलगडा झाला. कच्च्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, म्हणून पीएच चढत होता. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. जुन्या इमारतींच्या स्लॅबला आतून सळी फुगून तडे जातात, तसेच हे जोड आतून फुटले.

जाब विचारला तर पैसे परत करायचं नाव नाही. म्हणाला, "त्याऐवजी रामेश्वरमचा ओरिजिनल लाइव्ह रॉक देतो, समुद्रातून काढलेला." इथे फार सावध राहा. लाइव्ह रॉक म्हणजे सूक्ष्म जीव वसलेला, बहुधा प्रवाळांचाच दगड, आणि दगड बनवणारी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असा माल एकदा घरात आला की तक्रार करायला जाणाराच अडकतो, आणि हे त्या माणसाला पुरेपूर ठाऊक असतं. मी साफ नकार दिला.

प्रामाणिक काम कसं असतं तेही सांगते, कारण आता मी ते समोर बसून करून घेतलंय. दगड आधी ग्लूशिवाय, निदान तीन ठिकाणी टेकून, स्वतःच्या तोलावर उभे राहिले पाहिजेत. मग भोक पाडून अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा रॉड. जोडात सायनोअ‍ॅक्रिलेट जेल (सुपरग्लूचा घट्ट प्रकार), त्यावर दोन भाग एकजीव मळलेली इपॉक्सी पुट्टी, पुन्हा जेल. नुसती पुट्टी ओल्या दगडाला धड धरत नाही. इपॉक्सीनंतर एखाद-दोन दिवस स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उतू जाऊ शकतो, त्याला घाबरू नका. सिमेंटच वापरलं असेल, तर सेट गोड्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा आणि पीएच चढणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. तयार सेट देणारा "लगेच टाका" म्हणाला, तर तिथेच व्यवहार थांबवा.

पैसे देण्याआधी सगळ्या जोडांवरून चुंबक फिरवा. वाळू लावण्यापूर्वीचे फोटो मागा. बिलावर रॉड कशाचा आणि ग्लू-मॉर्टर कोणता, हे नावानिशी लिहून घ्या. "रीफ सेट पूर्ण" एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. मला तसंच मिळालं होतं. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर "फायबर रॉड" हे त्याचे शब्द शिल्लक आहेत, यूपीआयची नोंद आहे आणि गंजलेली सळी मी पिशवीत बांधून ठेवलीय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्याही सेटमध्ये सळी निघाली असेल, तर तुकडे फेकू नका.