फ्लॅट खरा, किल्ली खरी, मालक खोटा

जून-जुलैमध्ये पुण्यात खोली शोधायला येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. एम.एस्सी.ला ॲडमिशन मिळाली होती आणि होस्टेलच्या यादीचा पत्ता नव्हता. मी आणि माझी लातूरची मैत्रीण, दोघींनी मिळून त्रेपन्न हजार रुपये एका माणसाला दिले. चाळीस डिपॉझिट, तेरा पहिल्या महिन्याचं भाडं. त्या घरात आम्ही एक रात्रही राहिलो नाही.

विद्यापीठाच्या आसपास राहायचं तर औंधचं भाडं ऐकूनच माणूस परत फिरतो. मग सगळे करतात तेच आम्ही केलं. मुळा ओलांडून जुनी सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी असं फिरायला लागलो. नेहमीचे भामटे आम्हाला ठाऊक होते. 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, फ्लॅट बघायला गेटपासचे अडीच हजार पाठवा, नंतर परत मिळतील' असं सांगून व्हॉट्सॲपवर कँटीन कार्डाचा फोटो टाकणारे दोघं-तिघं भेटले, त्यांना ब्लॉक केलं. घर बघितल्याशिवाय रुपया द्यायचा नाही हे घरून निघतानाच पप्पांनी बजावलं होतं. आम्ही घर बघूनच पैसे दिले. म्हणून तर हे लिहावंसं वाटलं, कारण घर बघितलं की धोका टळला असं सगळ्यांनाच वाटतं.

जाहिरात साधी होती. वन बीएचके, फक्त मुलींना किंवा फॅमिलीला, ब्रोकरेज नाही. भाडं आजूबाजूच्या घरांइतकंच. फार स्वस्त असतं तर शंका आली असती, आणि ते त्यालाही कळत होतं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अष्टगंध. वॉचमनने त्याला बघून हात वर केला. जिन्यात एक काकू भेटल्या, त्यांना याने 'टँकर आला का हो?' विचारलं. कुलूप उघडून आत गेल्यावर त्याने आधी स्वयंपाकघराचा नळ सोडून दाखवला. पाणी सकाळी साडेसहा ते आठ, त्यातच भरून घ्यायचं. गॅस गिझर एका फटक्यात पेटत नाही, सेल काढून पुन्हा बसवा. बाथरूमच्या दाराला पावसाळ्यात फुगार येतो, खालून जरा उचलून लावा. इतकं बारकं बारकं सांगणारा माणूस मालक नसेल असं कोणाच्या मनात येईल?

त्याला हे सगळं ठाऊक होतं कारण तो तिथे राहत होता. भाडेकरू म्हणून.

गाव विचारलं. परभणी म्हटल्यावर हसला. "अहो ताई, बनी तो बनी, नहीं तो परभणी! वसमत रोडला आमची आत्या असते." झालं, नातंच जमलं. पुण्यात नव्याने आलेल्याला आपल्याकडची बोली ऐकली की किती बरं वाटतं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. या लोकांचं खरं भांडवल तेच असतं. नांदेडचा पोरगा असता तर आत्या नांदेडला निघाली असती.

आम्ही वीजबिल मागितलं. त्याने लगेच काढून दिलं, महावितरणचं, चालू महिन्याचं. नाव दुसऱ्याचं होतं. "मोठे बंधू. दुबईला असतात. सगळा कारभार माझ्याकडेच." तिथल्या तिथे फोन लावून दिला. पलीकडचा माणूस अगदी थोरल्या भावासारखा बोलला. मुलींनी वेळेत घरी यावं, मांसाहार केला तरी चालेल पण वास सोसायटीत जाऊ नये वगैरे. मुखत्यारपत्राची, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीची झेरॉक्सही दाखवली, खाली नोटरीचा गोल शिक्का.

करारासाठी पाचशेच्या स्टँपवर टाइप केलेला कागद आला, तोही नोटरी केलेला. मैत्रिणीने विचारलं, रजिस्टर नाही करायचं का? त्यावर तो म्हणाला, "त्याला बंधूंचा अंगठा लागतो ना ताई, दिवाळीत आले की करून टाकू." एवढ्या सगळ्या बोलण्यात खरं वाक्य ते एकच. खऱ्या मालकाचा अंगठा त्याच्याकडे नव्हता, म्हणून तो करार कधीच रजिस्टर होणार नव्हता.

डिपॉझिट 'मिसेसच्या खात्यावर टाका' म्हणाला, क्यूआर दाखवला. भाड्याचे तेरा हजार रोख घेतले. त्यातले निम्मे पप्पांनी पतपेढीतून उचलले होते.

एक तारखेला गादी, बादल्या, कुकर असं सगळं रिक्षात कोंबून पोहोचलो तर दारात जळगावचे दोन पोरं बॅगांवर बसलेले. त्यांच्या हातात आमच्यासारखाच कागद. 'जुनी सांगवी'चं 'जुनी संगवी' झालेलं, तीच चूक त्याच ओळीत. नावं तेवढी बदललेली. 'फक्त मुलींना' वाल्या फ्लॅटची किल्ली पोरांनाही दिली होती, आणि दोन्ही किल्ल्या लागत नव्हत्या. दुपारी एक जोडपं आलं, कडेवर तान्हं बाळ. वॉचमन म्हणाला, ते तर काल रात्रीच टेम्पो भरून गेले, घर सोडतोय म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले आणि आमच्यावरच डाफरले, की न विचारता सामान कसं आणलं. मालक दुबईला नव्हते, नाशिकला होते. दुसऱ्या दिवशी बिचारे धावत आले. त्यांचंही दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

आता कामाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, त्याचं कलम 55. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्या-घेण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'नोटरी चालते, सगळे तेच करतात' असं म्हणणारे ब्रोकर चांगल्या भागातही भेटतील. ऐकायचं नाही. नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, मालक आणि भाडेकरू दोघांचं आधार पडताळलं जातं, फोटो निघतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाचा भाग, वर एजंटची मजुरी. दोघींत वाटला तर हा खर्च जड नाही.

त्या मशीनवर मालकाचा अंगठा आपल्यासमोर लागेपर्यंत डिपॉझिट द्यायचं नाही. टोकन फार तर हजार-दोन हजार. मालक म्हणवणाऱ्याकडे इंडेक्स टू मागायचा, म्हणजे खरेदीखताची सूची क्रमांक दोन, घर कोणी विकत घेतलं ते सांगणारा नोंदणी कार्यालयाचा कागद. तो नसेल तर मालमत्ता कराची पावती किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. वीजबिल म्हणजे पुरावा नव्हे. ते भाडेकरूच्याच दारात येऊन पडतं. भाऊ, साडू, मेहुणा, मुखत्यार असं काही पुढे आलं की मूळ मालकाशी व्हिडिओ कॉल, आणि नोंदवलेल्या मुखत्यारपत्राची प्रत. ते खरं असेल तर त्याच्या आधारे करारही रजिस्टर होतो, दिवाळीची वाट बघावी लागत नाही.

आणि सेक्रेटरीला आधी भेटा. आम्ही वॉचमनला विचारलं होतं, 'हे इथलेच का?' तो 'हो' म्हणाला. खोटं नव्हतं ते. विचारायचं असतं, 'ह्या फ्लॅटचा मेंटेनन्स कोणाच्या नावाने फाटतो?'

पैसे गेलेच तर यूपीआयचा भाग ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा, ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवून. पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत फोन गेला तर रक्कम गोठवता येते. आमचा फोन जाईपर्यंत खातं रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी 'हा भाड्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा' असं ऐकावं लागलं. जळगावच्या पोरांपैकी एकाचे काका वकील, त्यांनी फोनवरून सांगितलं की ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लावायला सांगा, आणि तिघांच्या तक्रारी एकत्र द्या. एकट्याची तक्रार व्यवहार वाटतो, तीन सारखे कागद टेबलावर ठेवले की तोच गुन्हा दिसतो. 'जुनी संगवी' तिथे कामाला आली.

गंमत म्हणजे त्या भामट्याने नाशिकच्या मालकांशी केलेला करार रीतसर रजिस्टर होता. त्यात त्याचा फोटो, आधार, अंगठा सगळं आहे. पोलिसांना त्याचा माग तिथूनच लागला. मिसेसचं खातं मात्र भलत्याच बाईचं निघालं, तिलाही महिन्याला काही रुपये देऊन तिचं कार्ड वापरलं जात होतं.

पैसे अजून मिळालेले नाहीत. तपास चालू आहे, तारीख विचारायला गेलं की 'पुढच्या आठवड्यात या' असतंच. त्याने वाकड आणि पिंपळे निलखमध्येही हेच केल्याचं तिथल्या दोघांच्या तक्रारींवरून कळलंय. दुबईचा भाऊ, परभणीची किंवा दुसऱ्या कुठल्या गावची आत्या, पाचशेच्या स्टँपवर नोटरी, हे तुमच्याही बाबतीत घडलं असेल तर रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर नोंदवून घ्यावा लागतो.