ब्रेकचे एलईडी ठेवले, इंडिकेटरचे काढले

गाडीच्या मागच्या दिव्यांत एलईडी बल्ब बसवून आठ महिने झाले. ब्रेकचे दोन आजही गाडीत आहेत. इंडिकेटरचे मात्र काढून डब्यात टाकलेत.

एलईडी मी दिसायला छान म्हणून घेतले नव्हते. एकदा मागची गाडी आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली आणि मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे येते. हा हिशेब त्या दिवसापासून डोक्यातून जात नव्हता.

पहिली जोडी फसली. पांढरे एलईडी घेतले, तर लाल काचेमागे ते गुलाबट दिसायला लागले, कारण त्यांच्या उजेडात लाल भाग कमीच असतो. पण खरा धोका वेगळाच निघाला. टेललाइट आणि ब्रेक दोन्हींना एकच बल्ब. साध्या बल्बमध्ये त्यासाठी ५ आणि २१ वॅटच्या दोन तारा असतात, त्यामुळे ब्रेक दाबला की फरक लख्ख कळतो. या एलईडीत तो फरकच नव्हता. रात्री बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून मी वीस पावलं मागे उभा राहिलो. "दाब ना गं!" म्हणालो, तर आतून उत्तर आलं, "केव्हाची दाबून बसलेय!" त्याच रात्री ते काढले.

दुसरी जोडी लाल रंगाची, आणि उजेड देणाऱ्या चिप फक्त टोकाला नाहीत, चारही बाजूंना आहेत. ही गोष्ट घेताना नक्की बघा. दिव्यातला आरसा तारेच्या जागेवरून चहूकडे जाणाऱ्या उजेडासाठी बनवलेला असतो; सगळा उजेड सरळ पुढे फेकणारा बल्ब मधोमध ठिपका पाडतो आणि कडा अंधारात राहतात. या जोडीने आख्खा दिवा भरतो, भर उन्हातही ब्रेक चटकन दिसतो. मी समाधानी आहे. तरीही बऱ्याच देशांत मूळ दिव्यात असा बदल मान्य नाही, तेव्हा आधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

इंडिकेटरला मात्र माझा ठाम नकार. एलईडी दोन-तीन वॅटच घेतो, म्हणून गाडीला वाटतं बल्ब गेला आणि टिकटिक दुप्पट वेगाने सुरू होते. उपाय म्हणून साध्या बल्बइतकी वीज खेचायला ६ ओहमचे रेझिस्टर जोडले. १२ व्होल्टला ते २४ वॅट नुसते उष्णतेत घालवतात. दहा मिनिटं चारही इंडिकेटर चालू ठेवून बोट लावलं तर चटका बसला, शेजारच्या वायरीचं आवरण मऊ पडलं होतं. जुन्या गाडीत इंडिकेटरची उघडझाप करणारा वेगळा फ्लॅशर रिले असतो, त्याच्या जागी एलईडीसाठीचा घालता येतो. माझ्या गाडीत ते काम आतला कंप्युटर करतो.

शिवाय रेझिस्टर लावला की पुढे एखादा एलईडी खरंच गेला तरी टिकटिक नेहमीसारखीच चालू राहते. वळताना मागच्याला काहीच दिसत नाही आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी २१ वॅटचे जुने नारिंगी बल्ब परत बसवले.