खारघरच्या भाड्याच्या फ्लॅटमधला एसी: तीन कारागीर, आणि चार महिन्यांनंतर काय टिकलं

फेब्रुवारीत आम्ही खारघरला या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलमधला दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घरमालकीण काकूंचा, आर-३२ गॅसवर चालणारा, त्यांच्या आधीच्या घरातून काढून इथे बसवलेला. करारासोबतच्या सामानाच्या यादीत त्याच्यापुढे 'चालू स्थितीत' असं लिहिलंय आणि फेब्रुवारीत तो चालू होताही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र १८ वर ठेवूनही हॉल गार होईना. आई दुपारी तिथेच पडते, त्यामुळे चार दिवस थांबून बघू, असं म्हणण्याची सोय नव्हती.

पहिला मुलगा ॲपवरून बोलावलेला. प्रेशर मोजायचं गेज लावलं, "गॅस कम है मॅडम" म्हणाला, वीस मिनिटांत गॅस भरला, २,८०० रुपये घेतले आणि गेला. संध्याकाळी हॉल गारेगार. मी लगेच पाच तारे देऊन मोकळी झाले. हीच चूक होती. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. कुठून गेला हे त्या मुलाने शोधलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या संध्याकाळचा गारवा ताज्या गॅसचा होता, दुरुस्ती झालीच नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळायला लागलं. जाळ्या काढून टॉर्च मारला तर कॉइलच्या एका बाजूला पांढराशुभ्र बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी. गॅस अपुरा असला की कॉइलचा सुरुवातीचा भागच अति थंड होऊन गोठतो, आणि तो बर्फ वितळला की पाणी ड्रेन ट्रेच्या बाहेर पडतं. पहिल्या कामाची ३० दिवसांची वॉरंटी संपून गेली होती. दुसरा माणूस बोलावला. त्याने आउटडोअरकडे पाहिलंही नाही, पीसीबी, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड गेलाय, ६,५०० लागतील म्हणाला. कॉइलवर बर्फ धरतोय म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय, मग पीसीबीचं नेमकं काय बिघडलं, असं विचारलं तर गप्प. त्याला तपासणीचे ३५० देऊन परत पाठवलं. त्या महिन्यात विजेचं बिल ४१८ युनिटांचं आलं. महावितरणचा ३०० युनिटांच्या पुढचा दर केवढा चढतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल.

तिसरे काका आमच्या वॉचमनने सुचवलेले. पहिलाच प्रश्न त्यांनी केला, "ताई, आधीच्याने नायट्रोजन मारून बघितलं होतं का?" मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, "मग मी आज गॅस भरणार नाही. आधी लीक सापडू दे."

पुढचे साडेतीन तास मी त्यांच्या शेजारी उभी होते. आउटडोअरजवळ नळीवरची पांढरी टेप त्यांनी सोलली. आतलं काळं इन्सुलेशन एका जागी तेलकट झालं होतं. बोट फिरवून मला दाखवलं: गॅस निसटतो तेव्हा कॉम्प्रेसरचं तेलही थोडं सोबत येतं, म्हणून डाग शोधायचा. मग उरलेला गॅस काढून, लीक शोधायला नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला, गेजवर दाब ३०० पीएसआय, आणि भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या फ्लेअर नटपाशी, म्हणजे तांब्याची नळी आउटडोअरला जोडणाऱ्या नटपाशी, मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू धरायला लागले. एक फुटायचा, दुसरा यायचा. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला. नट सोडल्यावर तांब्याच्या नळीच्या पसरट तोंडाला (यालाच फ्लेअर म्हणतात) केसासारखी चीर दिसली. जुन्या घरातून एसी हलवताना तेच तोंड पुन्हा आवळलं असणार, हा त्यांचा अंदाज, आणि मला तो पटला.

नळी कापून नवं फ्लेअर केलं, दोन पाने लावून आवळलं, पुन्हा नायट्रोजन. तासभर काटा ३०० वर तसाच. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास. हे टाळलं तर नळीत हवा आणि ओल राहते, ओलीमुळे तेलात आम्ल तयार होतं आणि पुढे कॉम्प्रेसर जातो. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेला ७५० ग्रॅम गॅस मोजून सोडला. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसतं प्रेशर बघून गॅस किती भरायचा ते ठरवता येत नाही. नंतर थर्मामीटर लावला: आत ओढली जाणारी हवा २९, बाहेर फेकली जाणारी १७. एकूण ३,९०० रुपये.

सगळं गोडच आहे असं नाही. बिल साध्या लेटरपॅडवर मिळालं. ड्रेन पाइप नीट बांधला नव्हता, जुलैत पाणी खालच्या घराच्या ग्रिलवर पडायला लागलं आणि त्यांची बोलणी मला खावी लागली. काका येऊन फुकट बांधून गेले, पण चार फोनांनंतर.

पैशांचं सांगते, कारण भाड्याच्या घरात खरा पेच तिथेच असतो. आमच्या करारात सर्व्हिसिंग भाडेकरूने करायचं आणि मोठा बिघाड मालकाने बघायचा, असं आहे. काकू साताऱ्याला असतात. पहिल्या २,८०० चं त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, भाडेकरू आले की गॅस कसा लगेच संपतो?" मला ते लागलं. नंतर बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि चिरलेल्या नळीचा फोटो पाठवला. काकूंनी तो त्यांच्या भाच्याला दाखवला आणि त्याच संध्याकाळी ३,९०० पाठवले. २,८०० मात्र दिले नाहीत, "ते काम झालंच नव्हतं ना," म्हणाल्या. मी वाद घातला नाही, त्यांचं म्हणणं खरं होतं.

आता ऑक्टोबर हीट सुरू आहे. परवा दुपारी तोच थर्मामीटर धरला: आत जाणारी हवा २९, येणारी १७. एसी २५ वर असतो, आई पांघरूण मागते. गेल्या महिन्याचं बिल २६४ युनिटांचं, अर्थात सप्टेंबर आणि मेची तुलना सरळ करता येत नाही, तरी रात्री कॉम्प्रेसर मंदावल्याचा आवाज आता ऐकू येतो, मेमध्ये तो सारखा घरघरत असायचा. आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काकांनी मार्करने तारीख आणि '७५० ग्रॅम' लिहून ठेवलंय.

बेडरूमचा एसीही त्याच जुन्या घरातून आलेला आहे. त्याच्या टेपखाली काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही. दिवाळीनंतर बघू, असं काकू म्हणाल्यात.