जॉन बॉनम: रेकॉर्डवरचा की मंचावरचा?

लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या ड्रमरचा, जॉन बॉनमचा, नाद ऐकायचा असेल, तर माझं मत रेकॉर्डिंगला. १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावा. हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घरात ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन माइक वर, जिन्यात ठेवले. ड्रमला चिकटवलेला एकही माइक नाही. म्हणून प्रत्येक ठोक्यासोबत त्या उंच जागेचा घुमारा ऐकू येतो. लय संथ, पण जडशीळ. बॉनम कुठेही घाई करत नाही. मंचावर हे गाणं बँडने फारच कमी वाजवलं, आणि तो घुमारा तिथे मिळणारही नव्हता.

‘मोबी डिक’ या ड्रम-सोलोभोवती बांधलेल्या रचनेचं मात्र उलट आहे. १९६९ च्या दुसऱ्या अल्बमवर ते जेमतेम सव्वाचार मिनिटांचं, रंगात येतं न येतं तोच संपतं. जानेवारी १९७० मधलं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं चित्रीकरण पाहा. तिथे बॉनम काठ्या सोडून उघड्या हातांनी ड्रम वाजवतो, आवाज अगदी खाली आणतो आणि पुन्हा हळूहळू चढवत नेतो. तबल्याचा सोलो जाणणाऱ्या कानांना ही बढत लगेच उमगेल. मंचावरचा प्रत्येक सोलो इतका बांधीव नसतो, काही रेंगाळतात. तरी त्याची विचार करण्याची रीत कळते ती इथेच.

नव्या श्रोत्याने आधी ‘लेव्ही’ ऐकावं, तेही चांगल्या हेडफोनवर.