नवा रंग: स्वतंत्र मान्यता की गटात जागा?

सशांच्या प्रदर्शनातल्या एखाद्या जातीत नवा रंग आणायचा, तर एआरबीएच्या (अमेरिकेतल्या ससेपालकांच्या संघटनेच्या) पद्धतीत दोन वाटा दिसतात. पहिली सरळ: सीओडी (नवा रंग विकसित करण्याचं प्रमाणपत्र) घ्यायचं, अधिवेशनात तीन वेळा यशस्वी सादरीकरण करायचं आणि रंगाला स्वतःचं वर्णन, स्वतःचा वर्ग, स्वतःचं 'बेस्ट ऑफ व्हरायटी' (त्या रंगातल्या सर्वोत्तम सशाचं बक्षीस) मिळवून द्यायचं. दुसरी हॉलंड लॉप या लोंबत्या कानांच्या जातीसारखी: रंग मान्य यादीतला लागतोच, पण टेबलावर वर्ग दोनच, सॉलिड (अंगावर पांढरे चट्टे नसलेले) आणि ब्रोकन (पांढऱ्यावर रंगाचे चट्टे असलेले). काळा, टॉर्ट, चॉकलेट सगळे एकाच रांगेत.

स्वतंत्र मान्यतेची बाजू कमकुवत नाही. हॉलंड लॉपमध्ये रंगाला 100 पैकी 4 गुण. मग मुळाकडचा रंग मळका असला तरी शरीर चांगलं असलं की ससा वर जातो. रंगाला स्वतःचा वर्ग असेल तर तो सुधारावाच लागतो. ऑटर (गडद अंग, फिकं पोट) किंवा हिमालयनसारख्या (पांढरं अंग; नाक, कान, पाय, शेपूट गडद), जिथे खुणांची हद्द हाच सगळा खेळ आहे अशा रंगांसाठी मलाही ही वाट पटते.

अडचण शेडेड रंगांत (पाठ, चेहरा, पाय गडद आणि कुशी फिकट) येते, आणि माझं मत तिथेच ठरलं. सेबल या तपकिरी शेडेड रंगात शेडेड जनुकाची एकच प्रत असते. जोडीला हिमालयन किंवा लाल डोळ्यांच्या पांढऱ्याची. त्यामुळे सेबल-सेबल लावले की 8 पिल्लांत सरासरी 4 सेबल, 2 सील (शेडेडच्या दोन प्रती, जवळजवळ काळा) आणि 2 पांढरी किंवा हिमालयन. कितीही निवड करा, सेबल कधी शुद्ध होत नाही. सगळं वेत सेबल हवं तर सील आणि लाल डोळ्यांचा पांढरा अशी जोडी लावावी लागते. तोही पांढरा सेल्फच्या (अंगभर एकच रंग असलेल्यांच्या) रेषेतला हवा. नाहीतर पांढऱ्याखाली दडलेला अगूटी (केसावर रंगाचे पट्टे असलेला रंग) पिल्लांत बाहेर येतो आणि सगळा हिशोब फिसकटतो.

म्हणजे सील गोठ्यात ठेवावाच लागतो. पण क्लबाने फक्त सेबलला मान्यता घेतली, तर वेतातलं सर्वांत चांगल्या डोक्याचं आणि खांद्याचं पिल्लू सील निघालं की घरीच बसतं. कुणी ते काळा म्हणून आणतं. जज उजेडात डोळा तिरपा धरतो, बाहुलीत माणकासारखी लाल झाक दिसते, केस फुंकून बघतो तर कुशीचा रंग पाठीपेक्षा उतरलेला, आणि ससा बाद. वर केस झडण्याच्या काळात सेबलवर चट्टे पडतात, थंडीत तो गडद होतो. मग सेबल कुठला आणि सील कुठला यावरच वाद. 'शेडेड' असा एकच गट मान्य केला तर ही भावंडं एकाच टेबलावर येतात आणि वादाचं कारणच उरत नाही.

संख्येचाही प्रश्न आहे. ग्रँड चॅम्पियन किताबासाठी गोळा करायच्या लेगसाठी (विजयाच्या प्रमाणपत्रासाठी) निदान 5 ससे आणि 3 प्रदर्शक लागतात. नव्या रंगाच्या वर्गात एवढी गर्दी क्वचितच जमते. बहुतेक वेळा दोघेजण आपापले दोन-दोन ससे घेऊन समोरासमोर. रोझेट मिळते, लेग नाही.

गटाने सगळंच सुटतं असंही नाही. निळ्या डोळ्यांचा पांढरा घ्या. तो रंगीत सशाला लावला की प्रत्येक पिल्लू व्हिएन्ना (निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्याचं) जनुक घेऊन जन्मतं. काहींच्या नाकावर किंवा पायावर पांढरा ठिपका येतो आणि ती अपात्र ठरतात. काहींवर काहीच दिसत नाही, आणि तीच पुढे शुद्ध रेषेत शिरतात. इथे वर्ग कसाही असो, वंशावळीत व्हिएन्नाची नोंद प्रत्येक पिढीत करायला हवी, आणि ती रेषा शक्यतो वेगळीच ठेवावी.

तेव्हा सीओडीचा अर्ज भरण्याआधी त्या रंगाची दोन-तीन वेतं रंगवार लिहून काढा. भावंडं मान्य यादीतच पडत असतील तर स्वतंत्र मान्यतेला माझी ना नाही. वेतागणिक एक-दोन पिल्लं यादीबाहेर जात असतील, तर क्लबात गटाचाच प्रस्ताव मांडलेला बरा.