हातातली चिप ‘बंद पडते’ तेव्हा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

त्वचेखाली टोचून घेतलेल्या, रीडरजवळ (वाचणाऱ्या यंत्राजवळ) नेली की बिनतारी ओळख देणाऱ्या चिपबद्दल हे आहे. वापरातलं सामान आधी सांगतो. एका हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, २ मिमी जाड आणि १२ मिमी लांब काचेची कॅप्सूल, आत १३.५६ मेगाहर्ट्झची एनटॅग२१६, म्हणजे फोनला वाचता येणारी एनएफसी चिप. दुसऱ्या हातात त्याच मापाची, पण १२५ किलोहर्ट्झची टी५५७७, म्हणजे दाराच्या साध्या कार्डांची नक्कल ठेवता येणारी चिप. वाचायला दोन फोन, बॅटरीवर चालणारं दाराचं कुलूप आणि प्रॉक्समार्क३ (अशा चिप वाचण्या-लिहिण्याचं तपासणी यंत्र). आठ महिन्यांनंतरचं मत असं, की ‘चिप मेली’ या तक्रारीत चिप बहुधा जिवंतच असते. एकतर ती रीडरला दिसत नसते, नाहीतर तिच्यावरचं लिखाण अर्धवट राहिलेलं असतं.

पहिली चूक हात धरण्याची. फोनचा अँटेना म्हणजे सपाट वेटोळं, आणि कॅप्सूलमध्ये फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) बारीक कांडीवर गुंडाळलेली तार. वेटोळ्याच्या मधोमध चुंबकीय रेषा फोनच्या पाठीतून सरळ वर येतात. आडवी पडलेली कॅप्सूल त्यातलं जवळजवळ काहीच पकडत नाही. वेटोळ्याच्या कडेला, म्हणजे जिथून तार जाते तिथे, त्याच रेषा आडव्या वळतात. म्हणून कॅप्सूल कडेवर, तारेला काटकोनात धरायची. कार्डाच्या सवयीने माणूस नेमकी मधली जागा शोधत बसतो.

आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक जागा बदलते. कव्हर काढा, एलईडीवालं चाचणी कार्ड (अँटेनाजवळ दिवा लागणारं) फोनच्या पाठीवर फिरवा आणि दिवा सर्वांत तेज कुठे लागतो ते पाहा. मग तिथून कडेकडे २-२ मिमी सरकत जा आणि प्रत्येक जागी दोन सेकंद थांबा. अंतर काही मिलिमीटरचंच मिळतं, त्यामुळे जाड कव्हर किंवा लोहचुंबकाची रिंग असेल तर खेळ तिथेच संपला. टोचल्यानंतरचे पहिले दोन ते चार आठवडे सूज असते आणि तीही हेच अंतर खाते. तोवर निकाल लावू नका. १२५ किलोहर्ट्झची चिप फोन कधीच वाचत नाही, हे माहीत असूनही लोक तासभर झगडतात.

कुलपाची गोष्ट वेगळी. बॅटरी वाचवायला बरीच कुलपं झोपलेली असतात. अधूनमधून क्षणभर चुंबकीय क्षेत्र सोडतात आणि त्यात फरक पडला तरच जागी होतात. कार्डाचा मोठा अँटेना तो फरक पाडतो, कॅप्सूल पाडत नाही. ओळख: कुलूप आवाजच करत नाही, ‘चुकीचं कार्ड’ असंही म्हणत नाही. उपाय: कीपॅडला बोट लावून किंवा साधं कार्ड दाखवून कुलूप जागं करायचं आणि लगेच हात लावायचा. लाल दिवा लागला तर उलट आनंद माना. चिप वाचली गेली, फक्त नोंदणी चुकली. जुने रीडर ७ बाइटच्या यूआयडीतले (चिपच्या ओळख क्रमांकातले) ४ च घेतात, त्यामुळे फोनवर दिसलेला क्रमांक हाताने भरून उपयोग होत नाही. नोंदणी त्याच रीडरवर करा.

आता लिखाण. एनटॅग एका वेळी ४ बाइटचं एक पान लिहिते. २०० बाइटचं संपर्कपत्र म्हणजे ५० वेगवेगळी लेखनं, आणि तेवढा वेळ हात तसूभरही हलता कामा नये. फोन आधी लांबी शून्य करतो, मजकूर भरतो आणि खरी लांबी शेवटी लिहितो. मध्येच हात हलला तर चिप ‘रिकामी’ दिसते. ती बिघडलेली नाही. हात टेबलावर टेकवा, फोन त्यावर ठेवा, पुन्हा लिहा. छोटा दुवा ठेवला तर ४० बाइट, म्हणजे दहाच पानं. (८८८ बाइटच्या चिपवर फोन ८७२ च दाखवतो, पान ३ मध्ये तेवढाच आकडा कोरलेला असतो, घाबरू नका.)

खरी न परतणारी चूक म्हणजे लिहिणाऱ्या अ‍ॅपमधलं ‘लॉक’चं बटण. लॉकबिट (लेखन बंद करणारे बिट) शून्याचे एक होतात, परत शून्य होत नाहीत. पान ३ चंही तसंच. चिप वाचली जाते पण लिहू देत नाही असं झालं तर टॅगइन्फो या अ‍ॅपने पूर्ण मेमरी वाचून पाहा. लॉकबिट लागले असतील तर विषय संपला. फक्त पासवर्ड असेल तर तो आठवा, कारण चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा चालू केलेली असू शकते.

टी५५७७ चा घात कार्डाची नक्कल करणारी स्वस्त मशीन करतात. कार्ड चिपवर उतरवताना ती गुपचूप पासवर्ड घालतात: बऱ्याचदा ५१२४३६४८, हेक्साडेसिमलमध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत). चिप वाचली जाते, पण पुढचं कुठलंही लेखन घेत नाही. प्रॉक्समार्कवर हाच पासवर्ड देऊन ‘डिटेक्ट’ (चिप ओळखण्याची आज्ञा) चालवा. ब्लॉक ०, म्हणजे चिपची मांडणी ठरवणाऱ्या भागामध्ये ००१४८०५० दिसलं तर पासवर्डचा बिट चालू आहे. तोच पासवर्ड वापरून ००१४८०४० लिहिलं की ईएम४१०० या साध्या कार्डप्रकाराची मांडणी परत येते. ब्लॉक ० लिहिताना पकड सुटली तर मात्र चिप गप्प होते. लेखनाआधी लागोपाठ दहा वेळा बिनचूक वाचन झालं नाही तर ब्लॉक ० ला हात लावू नये. एकाच हातात १२५ किलोहर्ट्झच्या दोन चिप जवळजवळ असतील तर दोन्ही एकदम बोलतात आणि रीडरला काहीच कळत नाही.

एवढं करून दोन वेगळ्या रीडरवर, सूज उतरल्यावरही शून्य प्रतिसाद असेल तर काच तडकली का ते पाहायला एक्स-रे. कॅप्सूल त्यात स्पष्ट दिसते. लाली वाढणं, गरम लागणं, पू, ताप यांत चिप तपासत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. दाबून सरकवणं किंवा घरी काढणं तर नाहीच. गुळगुळीत काच छोट्या छेदातून निघते. जनावरांच्या चिपवर सरकू नये म्हणून लेप असतो, ऊती त्याला धरून वाढतात आणि काढणं अवघड होतं. कुठली टोचली आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.