टीपीए ३११६ चं स्वस्त किट ‘ब्रिज’ करून: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. ४ ओहमचा सबवूफर असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचं हे किट मोनो करून, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवायला, वापरा, पैसे वसूल होतात. ८ ओहमच्या स्पीकरवर दणका वाढेल या आशेने करणार असाल, तर सोल्डरिंग आयर्न तापवूच नका.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ डी२ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचे दोन्ही चॅनेल आतून आधीच ब्रिज केलेले असतात, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांना एकमेकींच्या उलट सिग्नल मिळतो. जुन्या एबी क्लासच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन चॅनेल ब्रिज केले की स्पीकरला दुप्पट व्होल्टेज मिळतं आणि कागदावर चौपट वॉट दिसतात. इथे तो फायदा चिपने आधीच घेऊन ठेवलाय. आपल्या हातात उरतं ते दोन चॅनेल पॅरलल करणं, म्हणजे दोघांना एकाच स्पीकरला एकत्र जुंपणं. त्याने करंट द्यायची ताकद वाढते, व्होल्टेज आहे तेवढंच राहतं. म्हणजे २४ व्होल्टच्या सप्लायवर ८ ओहमला आवाज फाटायच्या आधी जेमतेम ३६ वॉट मिळणार, मग स्टीरिओ ठेवा नाहीतर मोनो करा. जाहिरातीतला १०० वॉटचा आकडा २ ओहमच्या लोडचा आहे, हे मात्र बारीक अक्षरातसुद्धा कोणी लिहीत नाही.

४ ओहमला गोष्ट वेगळी. तिथे २४ व्होल्टवर करंटचं शिखर ६ अँपिअरच्या आसपास जातं आणि एकट्या चॅनेलला ते जड पडतं. एकाच चॅनेलवर सब चालवायचो तेव्हा तासाभरात हीटसिंकवर (चिपची उष्णता काढणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बोट टिकत नव्हतं. आता त्याच आवाजाला तो कोमट असतो. मला या सगळ्या खटाटोपातून मिळालं ते एवढंच, पण ते रोज जाणवतं.

जोडणी वाचली की पहिल्यांदा अंगावर काटा येतो. राइटचा प्लस आणि राइटचा मायनस एकमेकांना बांधायचे, लेफ्टचेही तसेच. राइटची जोडी स्पीकरच्या प्लसला, लेफ्टची मायनसला. स्टीरिओ मोडमध्ये हे सरळ शॉर्ट सर्किट आहे! म्हणून आधी चिपला मोनोत न्यायचं: लेफ्टच्या दोन्ही इनपुट पिना थेट ग्राउंड करायच्या, मध्ये कपॅसिटर नको. पिना इतक्या जवळजवळ आहेत की त्यांच्यावर टाका मारण्यात अर्थ नाही. इनपुट कपॅसिटरचं चिपकडचं टोक गाठा, तिथून बारीक तार ग्राउंडला न्या. सिग्नल राइटला द्यायचा. चिप हा मोड फक्त चालू होताना वाचते, त्यामुळे तार जोडून सप्लाय बंद-चालू करावाच लागतो.

आउटपुट बांधण्याआधी एक तपासणी सोडू नका. स्पीकर न लावता ५० हर्ट्झचा टोन द्या आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून राइट प्लस ते राइट मायनस मोजा. जवळपास शून्य आलं, आणि राइट प्लस ते लेफ्ट प्लस व्होल्टेज दिसलं, की मोनो मोड लागला. मगच तारा बांधा. मी तारा बोर्डावरच्या आउटपुट कॉइलच्या पुढे, टर्मिनलवरच बांधल्या, म्हणजे प्रत्येक कॉइलवर निम्माच भार येतो. स्पीकरची मायनस तार डब्याला किंवा ग्राउंडला लावायची नाही, दोन्ही तारांवर सप्लायच्या निम्मं व्होल्टेज असतं. आणि सबसाठी लेफ्ट-राइट एकत्र करताना सोर्सच्या तारा थेट पिळू नका, प्रत्येकीत एकेक रेझिस्टर घाला.

किटबद्दल तक्रारी आहेतच. सप्लायचे कपॅसिटर २५ व्होल्टचे दिलेत. चिप २६ व्होल्टपर्यंत चालते, पण २४ च्या सप्लायवर २५ चा कपॅसिटर म्हणजे जीव मुठीत धरून बसणं. ते काढून ३५ व्होल्टचे घातले. व्हॉल्यूमचं पॉट (आवाजाचं फिरवायचं बटण) काही आठवड्यांतच खरखरायला लागलं, म्हणून ते बायपास करून आवाज प्रीअ‍ॅम्पवरूनच (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या यंत्रावरूनच) कमी-जास्त करतो. चालू करताना बारीकसा ‘टप’ येतो, त्याकडे दुर्लक्ष करतो.

बेस मात्र घट्ट आहे. मोठ्या आवाजात ढोलाची थाप सैल पडत नाही, आणि आता मर्यादा चिपची नाही तर सप्लायची जाणवते. ५ अँपिअरच्या खालचा अ‍ॅडॉप्टर लावलात तर मोनो करून काही हाती लागणार नाही. माझे ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर असल्याच दुसऱ्या बोर्डावर स्टीरिओतच चालतात, आणि तिथे काहीही बदलायचा माझा विचार नाही.